तीस वर्षांचा कोळसा, एक तोळा वजन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या होळी पुरवणीत मुलांच्या पानावर अग्नीबद्दल एक छोटा लेख आला होता. त्यात दोन वाक्यं अशी होती : 'आग ही शुद्ध ऊर्जा आहे. लाकूड जळते तेव्हा पदार्थ नाहीसा होऊन त्याची ऊर्जा बनते, हेच आइन्स्टाइनचे समीकरण सांगते.' माझी नात नववीत आहे. तिनं ती दोन्ही वाक्यं वहीत उतरवली, खाली निळ्या पेनानं रेघ ओढली आणि मला वाचून दाखवली. मी चष्मा काढून ठेवला.

"काहून जी आबाजी, चुकलं काय?"

चुकलं होतं, पण एका दमात सांगता येईना. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, फक्त आकडे कापू नका.

मी काही शास्त्रज्ञ नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. दुसऱ्या वर्गाचं बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काढून १९७९ पासून तीस वर्षं एका कापड गिरणीत लँकेशायर बॉयलरवर, म्हणजे कोळसा जाळून वाफ करणाऱ्या जुन्या धाटणीच्या भट्टीवर, होतो. गिरणी बंद पडली, आमचा हिशेब अजून पुरता मिळालेला नाही; तो विषय वेगळा. पण भट्टीच्या दारासमोर फावडं घेऊन इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला 'आग ही शुद्ध ऊर्जा' असं कोणी सांगितलं, की जरा टोचतं. शुद्ध असती तर मला राख ओढावी लागली नसती.

आमचे मिस्त्री सकाळी आले की आधी भट्टीत पाहत नसत, चिमणीच्या तोंडाकडे पाहत. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला उन्हात उभं करून सांगितलं, "पाह्य बावा, काया धूर निघाला म्हणजे हवा कमी पडून राहिली. कोयसाच वरतं चालला, न जळता." मी विचारलं, धूर अजिबातच दिसला नाही तर? "मंग हवा जास्त झाली. गरमी सारी चिमणीतून उडून राहिली." धूर पातळ, राखाडी, दिसला न दिसला असा हवा. तेवढ्यासाठी दिवसभर डॅम्पर, म्हणजे हवेची ओढ कमी-जास्त करणारी झडप, वर-खाली करायचा. पुढे पुस्तकं वाचली तेव्हा कळलं, की या दोन वाक्यांत मिस्त्रींनी मला आगीचं निम्मं शास्त्र सांगून टाकलं होतं.

कोळशात आग भरून ठेवलेली नसते. ती कोळसा आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या भेटीत होते. दोघं वेगळे असतात तेव्हा एक हिशेब असतो, कार्बन डायऑक्साइड होऊन बसले की दुसरा. या दोन हिशेबांतला फरक उष्णता आणि उजेड म्हणून बाहेर पडतो. मग कोळसा नुसता हवेत ठेवला तर का पेटत नाही? कारण जुनी बंधनं थोडी सैल व्हावी लागतात, त्याला आधी थोडी उष्णता खर्चावी लागते. काडी लागते ती तेवढ्यासाठी. एकदा सुरू झालं की बाहेर पडणारी उष्णताच शेजारच्या खड्याला पेटवते. आग म्हणजे हा चालू असलेला प्रकार. लग्न जसं उचलून डब्यात ठेवता येत नाही, तशी आगही ठेवता येत नाही. वऱ्हाडी ठेवता येतात, मांडव ठेवता येतो.

कोळशाच्या खाणी आहेत त्या वणीकडे कोळशाचे मोठे ढीग कोणी काडी न लावता आपोआप धुमसतात, हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. कोळसा हवेशी हळूहळू संयोग पावत असतो, ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर निघायला वाट सापडत नाही, ती साचत जाते आणि एक दिवस धूर दिसतो.

हाच प्रकार मी रुईच्या गाठीत जवळून पाहिला. कापसात कधी खडा येतो, कधी खिळा. जिनिंगच्या, म्हणजे सरकी वेगळी काढायच्या, मशीनमध्ये त्याची ठिणगी उडते, रुईत लपते आणि रुईसोबत दाबली जाते. एक गाठ साधारण १७० किलोची. इतकी घट्ट, की बोट जात नाही. आमच्या गोदामात एकदा तिसऱ्या रांगेतून करपट वास यायला लागला. धूर नाही, काही नाही. मुकादम प्रत्येक गाठीला हाताचा पंजा लावत पुढे गेला आणि एका गाठीपाशी थांबला. गाठ आली तेव्हापासून दोन दिवस झाले होते. चौघांनी ती ढकलगाडीवर घालून आवारात ओढली आणि पट्ट्या तोडल्या. आत नारळाएवढं काळं भोक होतं, त्याच्या कडेनं लाल धागा फिरत होता, अगदी सावकाश, भरल्या पोटाच्या किड्यासारखा. जाळ नव्हताच. दोन दिवस ती आग रुईच्या तंतूंत अडकलेल्या चिमूटभर हवेवर जगत होती. पट्ट्या सुटल्या, गाठ फुलली, हवा आत गेली आणि भक्कन जाळ आला. माझ्या भुवया गेल्या. त्या पुन्हा आल्या, पण डावी अजूनही विरळ आहे. पाणी मारलं तर रुईवरून ओघळून खाली; कच्च्या कापसावर मेणाचा थर असतो, तो पाणी आत घेत नाही. शेवटी रुई उपसून एकेक झेला पाण्यात बुडवला.

त्या गाठीत दोन दिवस जे चाललं होतं ती आग होती की नव्हती? होती. मग जाळ म्हणजे काय?

जाळाचं उत्तर मेणबत्तीकडे आहे. मायकल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञानं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६० च्या नाताळात मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. लोहाराचा मुलगा, फारसं शिक्षण नाही, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. मला हा माणूस आपला वाटतो. त्यानं दाखवलेली गोष्ट मी नातीला अंगणात नाही, वारा नको म्हणून माजघरात करून दाखवली. मेणबत्ती चांगली जळू दिली, फुंकली, वातीतून पांढऱ्या धुराची बारीक दोरी वर चढायला लागली. त्या दोरीला वातीपासून बोटभर वर पेटती काडी लावली. जाळ दोरीवरून उडी मारून खाली वातीवर येऊन बसला. नातीनं चार वेळा करायला लावलं. तो पांढरा धूर म्हणजे मेणाची वाफ, ती थंड होऊन दिसू लागलेली. जळतं ते मेणही नाही, वातही फारशी नाही. जळते ती ही वाफ. लाकडाचंही तसंच. तापलं की त्यातून पेट घेणारे वायू निघतात, ते हवेत मिसळून जळतात, आणि त्या जळत्या वायूच्या पट्ट्याला आपण जाळ म्हणतो. मागे उरलेला कोळसा मग जाळाविना, लाल होऊन जळतो.

पिवळा रंग येतो तो काजळीच्या कणांमुळे. हे कण तापून लोहाराच्या फाळासारखे चमकतात. पेटत्या चुलीच्या पिवळ्या जाळात तवा धरा, तळ काळा होतो. जाळात तरंगणारा पदार्थच तव्याला येऊन बसला. गॅसच्या शेगडीवर हवा आधीच मिसळलेली असते, काजळी व्हायला फुरसत मिळत नाही, म्हणून जाळ निळा. गॅस पिवळा जळायला लागला, की आमची सून बर्नर घासायला घेते. तिनं बॉयलरचं सर्टिफिकेट काढलेलं नाही, पण मिस्त्रींना ती पसंत पडली असती. जाळ वर का जातो? गरम वायू हलका, म्हणून. अंतराळयानात मेणबत्ती पेटवून पाहिली आहे. तिथे वर-खाली नसल्यामुळे जाळ गोल, निळसर गोटीसारखा होतो.

(मोबाइलवर हल्ली फिरतं की आग म्हणजे पदार्थाची चौथी अवस्था, प्लाझ्मा. वीज पडते ती प्लाझ्मा, विजेच्या वेल्डिंगचा डोळे दिपवणारा आर्कही प्लाझ्मा. चुलीचा जाळ म्हणजे बहुतांशी गरम वायूच. त्यात विद्युतभारित कण अगदी थोडे. पुरवणीत निदान हे नव्हतं, त्याबद्दल आभार.)

आता मुख्य भांडण. "मंग लाकूड जाते कुठी?" असं नातीनं विचारलं, तेव्हा मी तिला सोनाराकडे नेलं.

सुतार पॉलिशच्या आधी लाकूड घासायला लोखंडाची बारीक लोकर वापरतात, स्टील वूल. तिचा पाच ग्रॅमचा गोळा सोनाराच्या काट्यावर मोजून घेतला. मग त्याच्याच दुकानामागे परातीत ठेवून पेटवला. जाळ येत नाही, लाल ठिणग्या धाग्याधाग्यानं धावतात. निवल्यावर परत काट्यावर ठेवला. साडेपाचच्या वर भरला. सोनारानं काटा शून्यावर आणून पुन्हा मोजला, कारण त्याच्या धंद्यात वस्तू भट्टीत गेली की वजन घटतंच, वाढलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "आबाजी, हे सोन्यासोबत होते काय?" त्यानं विचारलं. नाही होत बाबा, सोनं ऑक्सिजनला हिंग लावून विचारत नाही.

वाढलेलं अर्धा ग्रॅम हवेतून आलं. हेच फ्रान्समध्ये लाव्हाझियेनं १७७२ साली गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिलं होतं. त्याआधी विद्वानांचं मत असं, की जळणाऱ्या वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी असतं आणि जळताना ते बाहेर निघून जातं. मग वजन वाढतं कसं? १७७४ मध्ये इंग्लंडच्या प्रीस्टलीनं हवेतून जळत्या वस्तूत जाणारा तो वायू वेगळा काढला, पण त्याला फ्लॉजिस्टनचा मोह सुटला नाही. लाव्हाझियेनं त्या वायूला ऑक्सिजन हे नाव दिलं आणि बंद भांड्यात, वायूसकट, जळण्याआधीचं आणि नंतरचं वजन सारखंच भरतं हे काट्यावर दाखवलं. हा माणूस राजाची करवसुली करणाऱ्या कंपनीत भागीदार होता. जमा आणि खर्च जुळल्याशिवाय त्याला झोप येत नसावी. त्याच वसुलीपायी १७९४ मध्ये त्याचं डोकं उडवलं.

लाकडाचं वजन कमी झालेलं दिसतं, कारण आपण फक्त राख मोजतो. एक किलो खणखणीत वाळलेलं लाकूड जळताना हवेतला सव्वा ते दीड किलो ऑक्सिजन ओढतं. निघतं काय? पावणेदोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, चिमूटभर राख आणि अर्धा लिटरहून थोडं जास्त पाणी. हो, पाणी. नातीला पटेना. फ्रीजमधून काढलेलं कोरडं स्टीलचं ताट मेणबत्तीच्या जाळावर वीतभर उंच, क्षणभर धरलं. ताटाच्या पोटावर दव आलं. बोट फिरवलं तर ओलं. आमच्या बॉयलरच्या धुरातही पाणी असायचं. चिमणी फार थंड पडली की आतून पत्रा ओला होऊन गंजायचा, त्या पाण्यात कोळशातलं गंधक मिसळून.

म्हणजे एक किलोचे सव्वादोन किलोच्या वर झाले. नाहीसं काय झालं?

हा प्रश्न नुसता नववीच्या वहीपुरता नाही. आमच्याकडे कापूस निघाला की पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, ढीग लावून जाळतात. बोंडअळीच्या भीतीनं शेत मोकळं करायचं असतं, मजूर मिळत नाही, रोटाव्हेटरचं भाडं परवडत नाही, हे मला मान्य. पण बांधावरचा शेजारी म्हणतो, "जाळलं का खतम." खतम होत नाही. पोटॅश आणि चुना राखेत राहतो. नत्र बहुतेक सगळं आणि गंधक बरंचसं वर जातं. मग जूनमध्ये तोच शेजारी युरियासाठी सोसायटीसमोर रांगेत उभा असतो, आणि मीही त्याच्यामागे असतो.

राहिले आइन्स्टाइन. त्यांचं E = mc² हे समीकरण १९०५ चं आहे आणि खरं आहे. पुरवणीतल्या लेखकानं ते चुकीच्या ठिकाणी चिकटवलं, पण अगदीच परक्या ठिकाणी नाही, म्हणून इथे जरा थांबतो. ऊर्जेला वजन असतं, हे ते समीकरण सांगतं. तापलेला फाळ थंड फाळापेक्षा जड असतो, इतका किंचित, की सोनाराचा काटा काय, कोणताही काटा ते दाखवणार नाही. लाकूड जळून उष्णता बाहेर निघून गेली, की तिच्यासोबत तिचं वजनही जातं. किती? एक ग्रॅम वजनाची ऊर्जा म्हणजे अडीच कोटी युनिट वीज. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र पूर्ण २९२० मेगावॅटवर चोवीस तास चाललं, तर तारांतून बाहेर गेलेल्या सगळ्या विजेचं वजन तीन ग्रॅमही भरत नाही. तिकडे कोळशाच्या रेल्वेगाड्यांवर गाड्या रिकाम्या होतात, आणि इकडे चहाचा चमचाभर साखरेएवढंही नाही.

नातीनं मोबाइल घेतला आणि म्हणाली, तुमचं काढू. आमचा कोळसा किलोला ४००० किलोकॅलरीचा धरला. एक टन जाळला तर बाहेर पडणाऱ्या उष्णतेचं वजन एका मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. बॉयलर दिवसाला सहा टन खायचा. वर्षाचे ३०० दिवस, ३० वर्षं. चोपन्न हजार टन. तिनं गुणाकार केला, दशांश चिन्ह दोनदा तपासलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली : दहा ग्रॅम.

एक तोळा. बाकी सगळं पदार्थ म्हणूनच गेलं. कार्बन डायऑक्साइड ऐंशी हजार टनांच्या आसपास, कारण बारा किलो कार्बनाचे चव्वेचाळीस किलो होतात. कोळशात तिसरा हिस्सा राख, म्हणजे अठरा हजार टन राख आणि क्लिंकर (वितळून गोळा झालेली राख) माझ्या आणि दुसऱ्या पाळ्यांतल्या सोबत्यांच्या सळईनं ओढून काढलेलं. त्यातलं बरंचसं गावाबाहेरच्या रस्त्यांच्या भरावात आहे, आजही वरचं डांबर उखडलं की दिसतं. पदार्थाची ऊर्जा होते म्हणणाऱ्यांनी एकदा तो रस्ता पाहावा.

अणूच्या गाभ्याची गोष्ट निराळी. तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ पासून युरेनियम फुटतं, तिथे फुटणाऱ्या युरेनियमच्या वजनातला हजारावा हिस्सा जातो. कोळशाच्या मानानं प्रचंड. आणि आपल्या डोक्यावरचा सूर्य तर जळतच नाही. तिथे ऑक्सिजन ओढणारं काही चाललेलं नाही. हायड्रोजनचं हेलियम होतं आणि दर सेकंदाला ४० लाख टनांहून जास्त वजन उजेड होऊन निघून जातं. वर्ध्याला मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकतो, तेव्हा त्यातलंच काहीतरी डोक्यावर पडत असतं. त्याच उन्हात पऱ्हाटीचं पान हवेतला कार्बन आणि मुळांतून चढलेलं पाणी जोडून लाकूड करतं आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं. चुलीत तेच उलटं होतं.

ऊर्जा पदार्थाशिवाय, प्रकाशाशिवाय कुठे सुटी सापडत नाही. ती कशाची तरी असते : वाफेच्या कणांच्या धावण्याची, ताणलेल्या तारेची, उजेडाची. सोसायटीच्या वहीतली शिल्लक जशी पोत्यात भरून आणता येत नाही, पण एक पैसाही इकडचा तिकडे होत नाही, तसं काहीसं. अग्नीला पंचमहाभूतांत बसवलं यावर माझं काही म्हणणं नाही. होळीत मीही नारळ टाकतो आणि भाजलेला काढून खातो.

दहा ग्रॅम ऐकून नात थोडी हिरमुसली. मग विचारलं, "मंग तो तोळा कुठी हाय आता?"

मी रात्री खाटेवर पडून त्याचा विचार केला. त्यातली उष्णता वाफेतून सूत आणि कापडाच्या खात्यात गेली, भिंतींतून, चिमणीतून हवेत गेली. हवा आणि जमीन रात्री आभाळाकडे जी न दिसणारी किरणं सोडतात, त्यांतून ती पृथ्वीबाहेर पडली. १९७९ च्या पावसाळ्यात मी पहिलं फावडं मारलं. त्या फावड्याची उष्णता प्रकाशाच्या वेगानं निघून आज चाळीसहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे, आपल्या वाट्याचं वजन सोबत घेऊन. सकाळी नातीला हे सांगितलं. तिनं वहीतली निळी वाक्यं खोडली, पण खाली काय लिहायचं ते तिला छापील हवं आहे. आबाजींचं तोंडी चालत नाही, बाईंना दाखवावं लागतं.

तरी पुढच्या पुरवणीत चार ओळींची दुरुस्ती द्यावी. तिची परीक्षा एप्रिलात आहे.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट
हिंगणघाट तालुका, जि. वर्धा